एन्जिन-एक्स: अपलोडला मर्यादा हवी, पण जागा बघून

नागपूरच्या इतवारीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या काही दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळते. गिऱ्हाईक घरूनच डिझाइनची पीडीएफ चढवतं, कधी तीस-चाळीस एमबीची. त्यामुळे वेब सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, निवडताना वेगाआधी मी हे बघते, की नको तेवढी मोठी फाइल तो कुठे अडवतो. या बाबतीत एन्जिन-एक्स मला मनापासून आवडतो.

सेटिंगला हात लावला नाही तर तो 1 एमबीच्या वरचं काही घेत नाही. नव्या माणसाला हे जाचक वाटतं. मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये 2.4.54 आवृत्तीच्या आधी मुळात अशी मर्यादाच नव्हती, आता 1 जीबी आहे. मोठी बॉडी, म्हणजे ब्राउझरनं पाठवलेला डेटा, सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलमध्ये उतरते, आणि स्वस्तातल्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, डिस्क असते तरी केवढी!

मर्यादा ठरवणारी 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' ही ओळ सेटिंगच्या फाइलमधल्या एचटीटीपी (सगळ्या साइट), सर्व्हर (एक साइट) आणि लोकेशन (साइटमधला एक पत्ता) अशा तिन्ही ब्लॉकमध्ये चालते. मी फक्त अपलोडच्या लोकेशनला 50 एमबी देते. लॉगिन आणि संपर्काचा फॉर्म 1 एमबीवरच राहतात, त्यांना जास्त लागतंच कशाला? बरेच जण वैतागून सगळ्या साइटला 0 लावतात. त्यानं तपासणीच बंद होते. कृपा करून हे करू नका.

दुकानातून फोन येतो, "मॅडम, फाइल चढून नाही राहिली." एरर लॉग उघडला की किती बाइट्सची बॉडी येत होती तो आकडाच समोर असतो. मग उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

नाराजी एकच. 413, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठी फाइल नाकारल्याच्या एररचं पान रुक्ष इंग्रजीत येतं, आणि पुष्कळदा ब्राउझर तेही दाखवत नाही, नुसतं कनेक्शन तुटल्याचं सांगतो. पत्रिका छापायला आलेल्या काकूंना त्यातून काय कळणार? म्हणून फाइल निवडतानाच जावास्क्रिप्टनं आकार बघून मराठीत सूचना द्यावी. खरी अडवणूक मात्र सर्व्हरवरच हवी, कारण जावास्क्रिप्ट कोणीही टाळू शकतं.

साइटचा कोड पीएचपी या भाषेत असेल तर तिथलेही आकडे वाढवा: एका फाइलची मर्यादा 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' मुळात 2 एमबी असते, सगळ्या फॉर्मची 'पोस्ट_मॅक्स_साइझ' 8 एमबी. दुसरं ओलांडलं तर फॉर्म कोरा आल्यासारखा दिसतो आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. एन्जिन-एक्समध्ये बदल केल्यावर आधी सेटिंग तपासणारी 'एन्जिन-एक्स -टी' ही कमांड चालवा, मग रीलोड. चालू अपलोड तुटत नाहीत, त्यामुळे लगनसराईतही मी हे भर दुपारी करते.