तिशीनंतर पशुवैद्यक प्रवेश: तालुक्याच्या ई-सेवा केंद्रात काय जमतं, काय नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत हे केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, कलर प्रिंटर आणि लाईन गेली तर तासभर टिकणारा इन्व्हर्टर. दाखले, पीक विमा आणि त्याच रांगेत 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे फॉर्म. बारावीच्या पोरांचे फॉर्म इथला ऑपरेटर भराभर आणि बिनचूक भरतो. पण दूध संकलनावर, कृषी सेवा केंद्रात किंवा गावोगाव कृत्रिम रेतन करत दहा-बारा वर्षं काढलेला माणूस बीव्हीएस्सीला, म्हणजे 'नीट'वरूनच प्रवेश मिळणाऱ्या पशुवैद्यक पदवीला, जायचं म्हणून समोर बसला, की याची घडी विस्कटते. हा रिव्ह्यू त्या माणसासाठी.

"भाऊ, तुमचं वय निघून गेलं," हे पहिलं वाक्य ऐकून उठू नका. 'नीट'ची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्येच काढली गेली. खरी अडचण बारावीच्या मार्कशीटवर असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय हवेत आणि खुल्या प्रवर्गाला त्यांत मिळून किमान ५० टक्के. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेलं असेल तर फी भरण्याआधीच थांबा. केंद्रात हे कोणी तपासत नाही, सरळ पैसे भरून घेतात. २०२५ ला 'नीट'ची ही फी खुल्या प्रवर्गासाठी १,७०० रुपये होती. माफसूच्या, म्हणजे नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या, प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपत्रकातली पात्रतेची पानं इथेच प्रिंट काढून घ्या आणि फॉर्म उघडायच्या आधी वाचा.

सर्वांत मोठा घोटाळा निकालानंतर होतो. इथे सवयीने सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाची, नोंदणी करून देतात आणि "झालं तुमचं काम" म्हणतात. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेदासाठी ते बरोबर आहे. पशुवैद्यकाच्या राज्यातल्या जागा मात्र नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, स्वतः भरतं. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, तारखा वेगळ्या. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, तिथे तिसरी नोंदणी. 'नीट'चे गुण हातात असूनही माफसूचा अर्ज राहिला तर ते वर्ष गेलं, कारण 'नीट'चा निकाल त्याच वर्षापुरता चालतो. केंद्रातल्या माणसाला "पशुवैद्यक" एवढंच सांगू नका. "माफसूचा बीव्हीएस्सी अँड एएच" असं कागदावर लिहून द्या, नाहीतर तो पशुसंवर्धन पदविकेचा अर्ज उघडतो. ती पदविका घेऊन पशुवैद्यक म्हणून नोंदणी होत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे त्यासाठी पदवीच लागते, आणि ती इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची.

आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेयर दाखल्यात लग्न झालेल्या बाईचं नुकसान होतं. केंद्रवाले नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागतात आणि त्यावर प्रकरण टाकतात. क्रिमीलेयर ठरतो तो आई-वडिलांच्या स्थितीवरून. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, उमेदवाराचा स्वतःचा पगारही नाही. म्हणून माहेरहून वडिलांचे तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद आणा आणि दाखला तीन वर्षांच्या मुदतीचा मागा. एका वर्षाचा घेतला तर ३१ मार्चला संपतो आणि प्रवेशाच्या वेळी पुन्हा चकरा. फॉर्ममधलं नाव दहावीच्या सनदेप्रमाणे लागतं. आधारवर सासरचं नाव असेल तर ते आधी जुळवून घ्या, राजपत्राची प्रत जवळ ठेवा.

बारावी आणि हा प्रवेश यांच्या मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र इथे तयार साच्यातून निघतं. त्यात एक ओळ ठरलेली असते: "बारावीनंतर मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही." ज्याने मध्ये बीए किंवा डीएड केलंय त्याच्यासाठी हे खोटं प्रतिज्ञापत्र झालं. ती ओळ खोडायला लावा. कोणत्या वर्षी काय शिकलो, कोणत्या वर्षापासून नोकरी किंवा शेती, असं सलग लिहून घ्या. ऑपरेटर कुरकुरतो, पण बदलून देतो.

'नीट'च्या फॉर्मसाठी बोटांचे ठसे स्कॅन करण्यात हे केंद्र कच्चं आहे. कापूस वेचून, फवारणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा ठसा इथल्या ओल्या शाईच्या पॅडवर नुसता काळा डाग उमटतो. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पॅडवर बोट हलकं टेकवा, पहिला ठसा रद्दी कागदावर जाऊ द्या, दुसरा कोऱ्या पांढऱ्या कागदावर. बोट घासू नका. आणि मोबाईलने फोटो न काढता स्कॅनरवरच घ्यायला सांगा, कारण फोटोत कागद करडा दिसतो.

मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच. गर्दीत ऑपरेटर स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो आणि पुढचे ओटीपी, तारखांचे निरोप त्याच्याकडे जातात. दुरुस्तीची मुदत उघडते तेव्हाही या दोन गोष्टी बदलता येत नाहीत. पासवर्ड वहीत लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

दाखल्यांसाठी केंद्र उत्तम. अधिवास आणि उत्पन्नाचे कागद वेळेत हातात देतात, पावती देतात, चुकलं तर फुकट दुरुस्त करतात. हे तालुक्यात फार ठिकाणी मिळत नाही. 'नीट'चा फॉर्मही इथेच भरा, पण सोमवारच्या बाजाराच्या दिवशी नको आणि शेवटच्या आठवड्यात तर मुळीच नको. माफसूचा अर्ज मात्र शेजारी बसून, स्क्रीन आपल्याकडे वळवून भरा. जात पडताळणीचे पैसे द्यायच्या आधी घरातली जुनी फाईल काढून बघा: आधीच्या पदवीसाठी किंवा नोकरीसाठी वैधता प्रमाणपत्र काढलेलं असेल तर तेच चालतं.