पॉवर प्रेसला लाइट कर्टन: घ्यावा का, आणि कुठल्या प्रेसला

भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपला मी सुपरवायझर आहे. आमच्या 63 टनी, न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या प्रेसला मागच्या वर्षी टाइप-4, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरक्षा श्रेणीचा लाइट कर्टन बसवला. डायच्या (पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या साच्याच्या) पुढे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची जाळी. हात आत गेला की क्लचची हवा सुटते, ब्रेक लागतो आणि स्लाइड, म्हणजे डायचा वरचा भाग घेऊन खाली-वर होणारा भाग, आहे तिथे थांबते. आमचा कर्टन 14 मि.मी. रिझोल्यूशनचा आहे, म्हणजे एक बोट आत गेलं तरी त्याला कळतं.

वस्तू चांगली आहे. पण हा कर्टन पिन क्लचच्या, म्हणजे पिन गुंतवून स्लाइड चालवणाऱ्या प्रेसला चालत नाही, आणि लहान शॉपमधले बरेचसे प्रेस पिन क्लचचेच असतात. पिन एकदा गुंतली की स्ट्रोक पुरा झाल्याशिवाय स्लाइड थांबत नाही. किरण तुटले, लाल दिवा लागला, तरी डाय खाली येणारच. तरीसुद्धा अशा प्रेससाठी बिनदिक्कत कोटेशन देणारे लोक मी पाहिलेत.

मी आधी जिथे होतो तिथे असाच एक जुना पिन क्लचचा प्रेस होता. पिन झिजलेली आणि स्प्रिंग ढिली, त्यामुळे पायडल सोडल्यावरही स्लाइड वर थांबायच्या ऐवजी कधीकधी पुन्हा खाली यायची. ‘प्रेस डबल मारतोय’ हे ऑपरेटरने दोनदा सांगितलं होतं. दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवलं तर माल थांबणार होता, म्हणून ते चालूच ठेवलं. चिमटा आखूड होता, आणि डाय सेट करताना काढलेला गार्ड परत लागलाच नव्हता. पार्ट काढायला ऑपरेटरने हात घातला आणि तर्जनी व मधलं बोट गेलं. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पिन, स्प्रिंग, गार्ड, माल, कशाचाच उल्लेख नाही. मग पुढच्या माणसासाठी त्या मशीनमध्ये बदलणार तरी काय?

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट. ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) पेन्शन त्या हिशेबाने बसते. तो ऑपरेटर सेटर, म्हणजे डाय बसवणारा कारागीर, व्हायच्या मार्गावर होता. आता त्याला माप घ्यायचा व्हर्नियर नीट धरता येत नाही, पॅकिंगला बसतो. ही घट त्या 20 टक्क्यांत मावत नाही.

कर्टन घेणार असाल तर बसवणाऱ्याला पहिलं विचारा, प्रेसचा थांबायचा वेळ मोजला का? हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत जातो असं धरतात. किरण तुटल्यापासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून किमान 400 मि.मी. लांब हवा. आमच्याकडे पहिला माणूस नुसत्या नजरेने ब्रॅकेट मारून निघाला होता, त्याला परत बोलावून मोजायला लावलं. दोन्ही बाजूंनी हात जाऊ नये म्हणून जाळीही मारून घेतली. वायरिंग सेफ्टी रिलेमधूनच हवं. साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटवर कर्टन जोडू देऊ नका.

त्रास म्हणाल तर ऑइलची वाफ काचेवर बसते आणि प्रेस विनाकारण अडतो. रोज मऊ कापडाने पुसावं लागतं. धक्क्यांनी ब्रॅकेट हलतं. सुरुवातीला ऑपरेटर वैतागले, कारण पत्र्याची लांब पट्टी किरणांत यायची. फीडिंग बाजूने केल्यावर ते थांबलं आणि प्रॉडक्शन जागेवर आलं. बायपासची चावी मी स्वतःकडे ठेवतो. ती पॅनेलला लटकत राहिली तर रात्रपाळीत कर्टन बंदच असतो. शिफ्ट सुरू होताना टेस्ट रॉड वर, मध्ये आणि खाली फिरवून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पिन क्लचच्या प्रेसला कर्टनचे पैसे घालू नका. बोट पोचणार नाही असा पक्का गार्ड डायभोवती करून घ्या, पायडलवर झाकण लावा, लांब चिमटे किंवा मॅग्नेट द्या, आणि पिन-स्प्रिंग ठरलेल्या तारखेला बदला. यंत्राचे धोकादायक भाग झाकायची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्यानेच मालकावर टाकली होती. पैसे साठले की न्यूमॅटिक क्लचचा प्रेस घ्या आणि कर्टन त्याच्यासोबतच मागवा.