व्हायकिंगांची चांदी बघायची: डब्लिनला की यॉर्कला?

इंग्लंड-आयर्लंडची फेरी ठरतेय, हाताशी एकच मोकळा दिवस आहे आणि व्हायकिंगांचा, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लुटारू-व्यापाऱ्यांचा, व्यापार कसा चालायचा ते बघायचंय. कुठे जाल? बहुतेक जण डोळे झाकून यॉर्क सांगतील. लहान मुलं बरोबर असतील तर माझंही उत्तर तेच. पण खरी ओढ चांदीची असेल, तर मी डब्लिन म्हणेन.

दोन्ही वसाहती एकाच पिढीतल्या म्हणाव्यात अशा. डब्लिनला नदीकाठी व्हायकिंगांच्या नौकांचा तळ पडला 841 मध्ये, यॉर्क त्यांच्या सैन्याने घेतलं 866 मध्ये. दहाव्या शतकात तर एकाच घराण्यातल्या लोकांनी दोन्हीकडे राज्य केलं. पैशाचा व्यवहार मात्र वेगळ्या वाटांनी गेला. यॉर्कमध्ये व्हायकिंग येण्याआधीपासून नाणी चालत होती, जरी शेवटीशेवटी त्यांत चांदी नावापुरतीच उरली होती. लोकांच्या हाताला नाण्याची सवय असल्यामुळे 895च्या सुमारास नव्या राजांनी चांदीच्या पेनी पाडायला घेतल्या आणि त्या खपल्याही. आयर्लंडमध्ये स्वतःचं नाणं असा प्रकारच नव्हता, तिथे श्रीमंती गाईगुरांत मोजत. त्यामुळे डब्लिनला टांकसाळ निघाली ती थेट 997च्या आसपास, सिट्रिक राजाच्या काळात. तीही इंग्लंडच्या एथेलरेड राजाच्या पेनीची सहीसही नक्कल करून. तोवरचा सगळा कारभार तागडीवर.

ही तागडीच डब्लिनला बघण्यासारखी आहे. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात, आणि तेही फुकट, डब्लिनमधल्याच किलमेनहॅम-आयलंडब्रिज भागातल्या व्हायकिंगांच्या थडग्यांतून निघालेले छोटे तराजू आणि शिशाची वजनं आहेत. वजनांजवळ जरा थांबा. काहींच्या माथ्यावर मठ-चर्चच्या वस्तूंतून उचकटलेले नक्षीचे तुकडे बसवलेत. ही निव्वळ हौस नसावी. आपलं वजन लांबून ओळखू यावं, समोरच्याने हळूच बदलू नये, असा त्यात हिशेब दिसतो. डब्लिनमध्ये सापडलेली वजनं साधारण 26.6 ग्रॅमच्या पटीत बसतात, म्हणजे जुन्या मापाने सव्वादोन तोळ्यांच्या वर थोडं. रुंद पट्ट्याची चांदीची कडीसुद्धा याच वजनाच्या आसपास घडवत. हातात घातली की दागिना, तोडली की रोकड. सराफाकडे मोड घालताना नक्षीला भाव मिळत नाही, वजन आणि कस एवढंच बघतात, तसंच ते. कस बघायची रीतही साधी होती: सुरीच्या टोकाने खाच पाडायची, आत तांबं दिसलं की सौदा संपला. अशा खाचा त्या काळच्या पुष्कळ चांदीवर आहेत. एकदा नजर बसली की त्याच आधी दिसायला लागतात.

ही चांदी यायची कशातून, हे मात्र विसरू नका. डब्लिन गुलामांची मोठी बाजारपेठ होती. 870 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या किल्ल्याला चार महिने वेढा पडला आणि पुढच्या वर्षी ओलाफ आणि इवार हे व्हायकिंग सरदार 200 जहाजं घेऊन डब्लिनला परतले, कैद्यांसकट.

यॉर्कची गंमत वेगळी. तिथल्या कॉपरगेट या रस्त्यावर 1976 ते 1981 खोदकाम झालं आणि त्याच जागेवर 1984 मध्ये यॉर्विक हे व्हायकिंग यॉर्कचं दर्शन घडवणारं केंद्र उघडलं. गाडीत बसून जुन्या गल्ल्या बघायच्या, वाससुद्धा घ्यायचे. (मुलांचं सगळं लक्ष मात्र तिथे मांडलेल्या, वीसेक सेंटिमीटर लांबीच्या, दगड झालेल्या व्हायकिंगकालीन माणसाच्या विष्ठेकडे. जाणकारांचंही तेच होतं.) डब्लिनला मात्र वुड की या नदीकाठच्या भागातल्या व्हायकिंग वस्तीच्या उत्खननाच्या जागेवर पालिकेची कार्यालयं उभी राहिली. ती जागा वाचवायला 1978 मध्ये सुमारे 20,000 लोक रस्त्यावर उतरले, तरी. त्यामुळे मूळ जागी उभं राहून बघायचं असेल तर यॉर्कच.

आणि नाण्यांसाठीही यॉर्क. कॉपरगेटला पेनी पाडायचा लोखंडी ठसा सापडला, ठसा तपासून बघायचे शिशाचे तुकडे सापडले, आणि मध्य आशियातल्या समरकंदच्या दिरहम या चांदीच्या नाण्याची एक नक्कलही: तांब्यावर कलई केलेली. इतक्या लांबचं नाणं खोटं पाडून चालवायला निघाला म्हणजे खऱ्या नाण्याची पत काय असेल! यॉर्कच्याच काही पेनींवर सेंट पीटरचं नाव, खाली तलवार आणि सोबत व्हायकिंगांच्या जुन्या धर्मातल्या थॉर देवाचा हातोडा. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळलेली दिसतात. हॅरोगेटजवळ 2007 मध्ये निघालेल्या ठेव्यात 617 नाणी होती, कडी आणि चांदीचे तुकडेही, सगळं एका मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्याच्या आत-बाहेर. हा ठेवा यॉर्कची संग्रहालयं आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या सामाईक मालकीचा आहे, तेव्हा आत्ता कुठे ठेवलाय ते निघण्याआधी विचारून घ्या.

दोन्ही जमत असेल तर आधी डब्लिन करा. वजनाचा व्यवहार डोक्यात बसला की यॉर्कच्या पेनी बघताना काय बदललं ते चटकन कळतं. लंडनहून यॉर्क आगगाडीने दोनेक तासांवर. एकच दिवस असेल आणि चांदीची खास ओढ नसेल, तर तो याच कारणाने यॉर्ककडे झुकतो, कारण डब्लिनला विमान आलं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालत नाही. यॉर्विकचं तिकीट सुट्टीच्या दिवसांत आधी काढलेलं बरं, रांग मोठी असते.