‘ऑल’च्या आधीचं अधिकचं चिन्ह

मी भाषांतराची कामं घेते. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, आहे आणि बिलं त्याच्याच ईमेल पत्त्यावरून जातात. २०२४ च्या सुरुवातीला दोन-तीन ग्राहक म्हणाले, तुमचा मेल स्पॅममध्ये सापडला. त्याच सुमारास एका माणसाचा मेसेज आला: ‘मॅडम, तुमच्या डोमेनला डीमार्क नाही. फेब्रुवारीपासून जीमेल तुमचे मेल घेणारच नाही.’ (डीमार्क म्हणजे आपल्या नावाने आलेला मेल तपासात नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डोमेनच्या मालकाने लिहून ठेवलेलं धोरण.)

यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर मी फसले. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले हे खरं. पण जीमेलच्या बाजूने डीमार्कची सक्ती होती ती दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांवर. माझ्यासारखीला, जी आठवड्याला जेमतेम वीस मेल पाठवते, एसपीएफ (मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांतलं एक असलं तरी चाललं असतं. हे तपासायला दहा मिनिटं लागली असती. मी घाबरून त्यालाच फोन लावला.

माणूस गोड बोलायचा. ‘डीमार्क सर्टिफिकेट’ काढून देतो, दर वर्षी नूतनीकरण करावं लागेल, म्हणाला. आता लिहितानाही लाज वाटते, कारण असं कुठलं सर्टिफिकेट नसतं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही डीएनएसमधले, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतले, साधे मजकुराचे रेकॉर्ड. एकदा नीट टाकले की संपलं. त्यांची मुदत संपत नाही, की कुणाकडून परवाना घ्यावा लागत नाही.

त्याने डोमेन जिथून घेतलं तिथला पासवर्ड मागितला आणि मी दिला. संध्याकाळी त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. माझ्याच एका मेलचा ‘मूळ संदेश’ उघडलेला, त्यात एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. मी पैसे पाठवले, वर आभारही मानले.

चार महिन्यांनी एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला. ‘तुम्ही खातं बदललंत ना, त्या नव्या खात्यात पैसे भरलेत, मिळाले का?’ मी खातं बदललंच नव्हतं. खातं बदलल्याचं सांगणारा जो मेल त्यांना आला होता, तो त्यांनी पुढे न ढकलता फाइल म्हणून उतरवून मला पाठवला. हे फार बरं झालं, कारण पुढे ढकललेल्या मेलमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून आला आणि तपासात पास झाला का याची नोंद, राहत नाही. पत्ता माझा, सही माझी, बिलाचा नमुनाही माझाच. आणि हेडरमध्ये तेच तीन पास.

मग मी पहिल्यांदा माझे स्वतःचे रेकॉर्ड वाचले. डीएनएस कुणालाही वाचता येतं, त्याला पासवर्ड लागत नाही. म्हणजे मीही ते पहिल्याच दिवशी वाचू शकले असते!

एसपीएफ म्हणजे ‘माझ्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरला’ याची यादी. यादीच्या शेवटी ‘ऑल’ असतं, म्हणजे उरलेले सगळे. त्याच्या आधी उणे चिन्ह असेल तर उरलेल्यांना नकार, लाटेसारखं चिन्ह असेल तर संशय. माझ्या रेकॉर्डमध्ये अधिकचं चिन्ह होतं. अर्थ असा की जगातल्या कुठल्याही सर्व्हरने माझ्या नावाने मेल पाठवावा, तो पासच. (चिन्हच नसलं तरी ते अधिकच धरलं जातं, तेव्हा नुसतं ‘ऑल’ दिसलं तरी गाफील राहू नका.) स्क्रीनशॉटमधला पास खोटा नव्हता, फक्त तो सगळ्यांनाच मिळत होता. दाराला कुलूप लावून देतो म्हणून आलेला माणूस दारच काढून गेला होता.

डीमार्कचं धोरण ‘नन’ होतं, म्हणजे तपासात नापास झालेल्या मेलचंही काही करू नका. सुरुवातीला सगळेच असं ठेवतात, त्यात वावगं नाही. पण रोजचे अहवाल ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता त्याचा होता. माझ्या नावाने कोणत्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) किती मेल जातात ते मला सोडून त्याला कळत होतं.

तरीही मला वाटत होतं, हा अडाणीपणा असेल, उघडं दार बघून बिल तिसऱ्याच कुणी पाठवलं असेल. मग हेडरमधल्या डीकेआयएम सहीकडे लक्ष गेलं. प्रत्येक सहीत सिलेक्टर नावाची एक खूण असते, त्या खुणेने डीएनएसमध्ये सही तपासायची सार्वजनिक किल्ली सापडते. माझ्या मेल सेवेचा सिलेक्टर वेगळा होता. खोट्या बिलावरचा दुसराच, आणि त्याची किल्लीही माझ्याच डोमेनखाली ठेवलेली. तिची जोडीची खासगी किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच ती सही करता येते. मग मात्र त्याची बाजू घ्यायचं काही कारण उरलं नाही.

त्याने टाकलेले रेकॉर्ड काढायला गेले तर ते बदलेनात. ‘वेग वाढेल’ म्हणून त्याने नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड जिथे ठेवलेले असतात ते सर्व्हर, स्वतःच्या खात्यात हलवले होते. विचारलं तर म्हणाला, आधी पुढच्या वर्षाचं नूतनीकरण भरा. नशीब, डोमेनच्या खात्याचा रिकव्हरी पत्ता त्याने बदलला नव्हता. पासवर्ड फिरवला, दोन टप्प्यांची पडताळणी लावली, आणि नेमसर्व्हर लगेच परत न आणता आधी वेबसाइटचे आणि मेलचे सगळे रेकॉर्ड नव्या जागी उतरवून घेतले. ते न करता नेमसर्व्हर बदलले असते तर येणारे मेलही हरवले असते. बदल सगळीकडे पोचायला दोन दिवस लागले. त्यात माझी एक चूक: नवा एसपीएफ टाकला आणि उतरवून घेतलेला जुनाही तसाच राहिला. एका डोमेनला दोन एसपीएफ असले की तपासणाऱ्याला ती चूकच दिसते आणि कुणालाच पास मिळत नाही. अर्धा दिवस माझेच मेल लटकले.

आता एसपीएफच्या यादीत फक्त माझी मेल सेवा आहे आणि शेवटी उणे. डीमार्कचे अहवाल माझ्याकडे येतात. महिनाभर ते वाचून धोरण ‘क्वारंटाइन’ केलं, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका, मग ‘रिजेक्ट’, म्हणजे घेऊच नका. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, हेडरसकट तो मेल जोडला. पैसे काही परत आले नाहीत. बाईंना ते बिल मी माफ केलं.

त्या अजून काम देतात. फक्त बिल गेलं की फोन येतो, ‘खात्याचे शेवटचे चार आकडे सांगा बरं.’ मी सांगते, त्या समोरच्या कागदावर बोट ठेवून एकेक आकडा पुन्हा म्हणतात, आणि मग फोन ठेवतात.