आतड्यातला ‘जुना मळ’ काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

आईला बद्धकोष्ठतेचा त्रास बरीच वर्षं आहे, नेमकं तेच हेरून एका ऑनलाइन ‘पचन सल्लागारा’नं तिला आतडी साफ करायचा कोर्स विकला. कोर्स म्हणजे काय तर एक पावडर, रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यातून घ्यायची. त्याआधी व्हिडिओ कॉलवर नुसतं घाबरवणं, की तुमच्या आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा काळा थर चिकटलाय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, तो निघाला नाही तर पुढे काही खरं नाही. आई बिचारी धास्तावली आणि त्यांनी सगळे पैसे आगाऊ घेतले.

पावडर सुरू केल्यावर खरंच काळपट, रबरासारखे लांब तुकडे पडायला लागले. त्यांनी लगेच फोटो मागवले, ‘बघा मावशी, मळ सुटतोय’ म्हणाले आणि पुढचा डबा गळ्यात मारला. लोक फसतात ते इथेच, कारण समोर दिसतंय ना!

मी डब्यामागची बारीक अक्षरं वाचली तर इसबगोल आणि बेंटोनाइट माती. मग चमचाभर पावडर ग्लासात भिजत घातली. थोड्या वेळानं ती फुगून असा चिकट गोळा झाला की ग्लास उलटा केला तरी पडेना. म्हणजे जे बाहेर येत होतं ती त्यांनीच दिलेली पावडर होती, आतड्याचा आकार घेऊन आलेली!

असा थर मुळात कुणाच्याच पोटात नसतो. आतड्याच्या अस्तराच्या वरच्या पेशी साधारण 3 ते 5 दिवसांत झडून नव्या येतात, वर पातळ बुळबुळीत श्लेष्मा असतो आणि आतडं सतत आकुंचन पावत सगळं पुढे ढकलत असतं, मग वर्षानुवर्षं चिकटून बसणार काय आणि कशाला? कोलोनोस्कोपीत डॉक्टर आतून कॅमेऱ्यानं बघतात तेव्हा गुलाबी ओलसर अस्तर दिसतं.

दुसरी थाप म्हणजे मोठं आतडं साफ झालं की अन्न अंगी लागतं. अहो, अंगी लागायचं काम बहुतेक सगळं त्याच्या आधीच उरकलेलं असतं. पिष्टाचं पचन तोंडातल्या लाळेपासून सुरू होतं, जठरात आम्ल आणि पेप्सिन नावाचा पाचक घटक प्रथिनं तोडायला घेतात, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि यकृतातून आलेलं पित्त मिसळतं. पित्त चरबीचे बारीक थेंब करतं, मग लायपेज हा दुसरा पाचक घटक ते फोडतो. या लहान आतड्याची लांबी सुमारे 6 मीटर, आत लाखो सूक्ष्म उंचवटे, त्यांच्यातून साखर आणि अमिनो आम्लं रक्तात जाऊन थेट यकृताकडे पोचतात, चरबी मात्र आधी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्यांतून जाते. मोठ्या आतड्याकडे राहतं मुख्यतः पाणी आणि क्षार शोषायचं काम, आणि उरलेल्या तंतूंवर तिथले जिवाणू जगतात.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. आईची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच असते, ती शोषली जाते लहान आतड्यात, आणि हे लोक त्याच वेळी ही पावडर प्यायला सांगत होते. ती थकायला लागली, अंगावर सूज आली, रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडत होतं. डॉक्टरांनी डबा बघितल्याबरोबर पावडर बंद करायला लावली, म्हणाले की इसबगोल आणि अशी माती गोळीला अडवून धरू शकते, औषध पोटात जातं पण रक्तात पुरेसं पोचत नाही. पावडर बंद झाली आणि त्याच डोसवर पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला. सल्लागारानं एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही कुठली औषधं घेता.

नुसतं इसबगोल वाईट नाही, डॉक्टर स्वतः देतात, पण भरपूर पाण्याबरोबर आणि बाकीच्या गोळ्यांपासून अंतर ठेवून. शौचातून रक्त येत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पोटाची सवय अचानक बदलली असेल तर असल्या कोर्समध्ये वेळ घालवू नका, तपासून घ्या.

पैसे परत मागितले तर आधी ‘मळ जुना आहे, अजून एक डबा घ्या’ आणि मग नंबर ब्लॉक. आता तेच फोटो दुसऱ्याच नावाच्या डब्याच्या जाहिरातीत फिरतायत.