चप्पल लाइनमागची बूटदुरुस्ती आणि आमचे लीगचे विजेतेपद

गेल्या हंगामात आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाने लीगच्या खालच्या गटाचे विजेतेपद मिळवले. अकरा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी आणि एक पराभव अशी कामगिरी करून आम्ही २६ गुणांवर पोहोचलो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा अवघ्या एका गुणाने पुढे राहिलो. प्रशिक्षकांचे, खेळाडूंचे आणि वर्गणी देणाऱ्या पेठेचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच होते. परंतु संघाच्या साहित्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे, ज्या एका कारागिराच्या कामाविना हा हंगाम धडपणे पार पडला नसता असे मला मनापासून वाटते, त्यांच्या दुकानाविषयी सविस्तर लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनच्या, म्हणजे चपलांच्या बाजाराच्या, मागच्या बोळात हे दुकान आहे. त्याला पाटी नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना मात्र ते बरोबर माहीत असते आणि सगळेच त्या कारागिरांना मामा म्हणतात, म्हणून मीही येथे तेच संबोधन वापरतो. जेमतेम सहा फूट रुंदीचा गाळा, भिंतीला टांगलेले निरनिराळ्या मापांचे लाकडी साचे, पुढ्यात लोखंडी ऐरण, उजव्या हाताशी टाके घालायची आरी आणि चामडे कापायची रापी, डाव्या हाताशी मेणाचा गोळा आणि सोल्यूशनचा, म्हणजे तळ चिकटवायच्या गोंदाचा, डबा, एवढाच सगळा पसारा आहे. मामांची मूळ कारागिरी कोल्हापुरी चपलेची. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, एकही खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवलेली ही चप्पल किती वर्षे टिकते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जो हात जाड चामड्याच्या थरांतून वादी ओढण्यात तयार झाला, त्याच हाताने ते आता फुटबॉलच्या बुटांना टाके घालतात आणि त्या कामातला फरक पहिल्याच जोडात दिसून येतो.

बूटदुरुस्तीचे एवढे महत्त्व का, असा प्रश्न ज्यांनी खेळ फक्त गॅलरीतून पाहिला आहे त्यांना पडू शकेल. आमच्या संघातील बहुतेक मुले सकाळी कामावर किंवा कॉलेजला जाणारी आहेत आणि प्रत्येकाकडे बुटांचा एकच जोड आहे. पावसाळा सरल्यावर सराव सुरू होतो तेव्हा मैदान मऊ असते. पुढे उन्हाचा तडाखा वाढत जातो तसतशी जमीन दगडासारखी कडक होत जाते आणि तोच बूट, तोच तळ, तळाखालचे तेच खुंटीसारखे स्टड त्यावर रोज दोन तास घासले जातात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बुटांचा तळ वरच्या भागाला नुसता चिकटवलेला असतो, शिवलेला नसतो. चवड्याजवळ जेथे बूट दर पावलाला वाकतो तेथे तो आधी सुटतो, फटीत माती शिरते, आणि माती शिरली की पुढचा चिकटवलेला भागही झपाट्याने उकलत जातो.

इंग्लंडच्या लेस्टर सिटी संघाने २०१५-१६ च्या हंगामात ८१ गुण मिळवून प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा त्या संघाने आठवड्यामागून आठवडा जवळपास तेच अकरा खेळाडू मैदानात उतरवले होते, ही गोष्ट आमच्या प्रशिक्षकांनी मुलांना अनेकदा सांगितली आहे. थैली लहान असलेल्या संघाला लीग जिंकायची असेल तर मोजके खेळाडू शेवटपर्यंत उभे राहावे लागतात. त्या सांगण्यात माझ्या बाजूची एक भर अशी, की तेच अकरा खेळाडू उतरवायचे तर त्यांचे तेच अकरा जोडही शेवटपर्यंत उभे राहिले पाहिजेत. लेस्टर हे शहरही एके काळी पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते, हे वाचल्यापासून मला त्या संघाविषयी विशेष आपुलकी वाटते.

मामांकडे मी पहिल्यांदा गेलो तो एका चुकीनंतर. हंगामाच्या तिसऱ्या सामन्याआधी आमच्या उजव्या बाजूच्या बचावपटूचा तळ सुटला होता आणि वेळ थोडा असल्यामुळे मी तो जोड वाटेवरच्या एका खेळाच्या दुकानात दिला. तेथे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब टाकून दहा मिनिटांत तो परत मिळाला. असा गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. स्थिर वस्तूला तो धरून ठेवतो, पण जेथे सतत वाकणे आहे तेथे तडकतो. विसाव्या मिनिटाला धावता धावता तळ चवड्यापासून टाचेपर्यंत उघडला, मुलगा तोंडावर आपटला आणि राखीव खेळाडूच्या एक माप मोठ्या बुटात त्याने उरलेला सामना कसाबसा काढला. तो सामना आम्ही हरलो. पराभवाचे खापर मी बुटावर फोडणार नाही, कारण प्रतिस्पर्धी संघ त्या दिवशी खरोखर सरस खेळला. तरीही तो आमचा हंगामातला एकमेव पराभव होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा जोड पिशवीत घालून मामांच्या गाळ्यासमोर उभा होतो.

त्या दिवशी मी तेथे दीड तास बसून त्यांचे काम पाहिले. मामांनी सुटलेला तळ आधी पूर्ण उकलला, जुना गोंद रापीने खरवडून काढला, दोन्ही बाजू काचकागदाने खडबडीत केल्या आणि फडक्याने पुसून घेतल्या. मग दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा पातळ हात दिला आणि बूट तसाच उघडा ठेवून दिला. येथेच घाई करणारे कारागीर चुकतात. ओल्या सोल्यूशनवर तळ दाबला तर तो धरत नाही. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतके ते सुकल्यावर त्यांनी बुटात साचा घातला, तळ बसवला आणि ऐरणीवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत गेले. एवढ्यावर काम थांबले नाही. दुसऱ्या दिवशी, गोंद पुरता धरल्यानंतर, तळाच्या कडेला रापीने केसाएवढी खाच पाडून त्यांनी साइड शिलाई घातली. आरी बाहेरून आत जाते, आतल्या बोटांनी मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचा फास तिच्या आकड्यात अडकवायचा, बाहेर ओढायचा आणि दुसरा दोरा त्यातून पार करून आवळायचा, असा प्रत्येक टाका. आतले बोट काहीही न पाहता काम करीत असते. टाका खाचेत बुडतो, त्यामुळे जमिनीवर घासून दोरा तुटत नाही, हे त्या खाचेचे प्रयोजन मला तेव्हा प्रथम समजले. अशा शिलाईच्या नऊ जोडांपैकी एकाचाही तळ हंगाम संपेपर्यंत सुटला नाही.

स्टडच्या बाबतीतही मामांचा सल्ला मोलाचा ठरला. आमच्या दोन मुलांनी हौसेने फिरकीने बसणारे धातूच्या टोकाचे स्टड घेतले होते. असे स्टड ओल्या, मऊ मैदानासाठी असतात. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्न येथे पावसाने भिजलेल्या मैदानावर पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवले, तेव्हा जर्मन बूटनिर्माते आदी डास्लर यांनी पुरवलेले बदलता येणारे लांब स्टड त्यांच्या कामी आले, हे फुटबॉलच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या कडक जमिनीत मात्र ते रुतत नाहीत, सगळा भार चार-सहा टोकांवर येतो आणि तळवा व टाच दुखू लागते. मामांना बर्नचा सामना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण मुलांच्या आतल्या तळव्यावरचे वळ पाहून त्यांनी निदान बरोबर केले. "ह्ये चिखलातलं बूट हाईत, पोरा. हितं घालून पळशील तर टाच जाईल तुझी," असे म्हणून त्यांनी दोघांनाही अखंड रबरी स्टडचे जोड वापरायला सांगितले. नवे काही विकण्याचा त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता, कारण ते बूट विकतच नाहीत.

याहून मला त्यांची एक सवय फार आवडली. जे काम होण्यासारखे नाही ते ते स्पष्टपणे परत करतात. आमच्या गोलरक्षकाच्या बुटाचा तळच मधोमध तडकला होता. मी कितीही पैसे देतो म्हणालो तरी त्यांनी तो हातात फिरवून खाली ठेवला आणि म्हणाले, "तळ मेलाय ह्यो. टाका मारून पैसं घेणं बरं न्हवं." त्या एका नकारामुळे आम्ही वर्गणीतून त्याच्यासाठी वेळेत नवा जोड घेऊ शकलो, एरवी ऐन सामन्यात फजिती ठरलेली होती.

फुटबॉलची दुरुस्तीही ते करतात, परंतु येथे मर्यादा जाणून घ्यावी. हाताने शिवलेल्या बत्तीस तुकड्यांच्या बॉलची उसवलेली शिवण ते उत्तम घालतात आणि ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवीही, बदलून देतात. ज्या बॉलचे तुकडे उष्णतेने जोडलेले असतात, त्याला शिवणच नसते, म्हणून तो ते हातात घेत नाहीत. नियमाप्रमाणे सामन्याच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. दुरुस्त केलेला आमचा एक बॉल मी घरच्या काट्यावर ठेवला तेव्हा तो थोडा जड भरला. म्हणून दुरुस्त बॉल सरावापुरतेच वापरावेत, असे माझे मत आहे. सरावात मात्र त्यांनी आमचा मोठा खर्च वाचवला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव वेळेची. साइड शिलाईचा जोड तीन ते चार दिवसांशिवाय मिळत नाही, आणि लग्नसराईत चपलांचे काम वाढले की आठवडाही लागतो. शनिवारी बूट देऊन रविवारी सामना खेळण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दुकानात पावती नाही, नोंदवही नाही, सगळा कारभार स्मरणावर चालतो. हंगामाच्या मध्यावर आमच्या एका मुलाचा आठ नंबरचा काळा जोड दुसऱ्याच संघाच्या पिशवीतून गेला आणि तो परत मिळवण्यात आमचे दोन दिवस गेले. मामांना त्याचे फार वाईट वाटले, परंतु त्यानंतरही वही काही आली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक जोडाच्या नाड्या एकमेकांना बांधतो आणि त्यात नाव लिहिलेली कापडाची चिंधी अडकवतो. येथे जाणाऱ्या प्रत्येकाने तसे करावे.

दर वाजवी आहेत. गेल्या हंगामात आम्ही दोन्ही बुटांच्या साइड शिलाईला दीडशे रुपये, नुसत्या चिकटवण्याला साठ आणि बॉलच्या शिवणीला ऐंशी रुपये दिले. ज्या जोडाला बाजारात दोन हजार मोजावे लागतात त्याचे आयुष्य दीडशे रुपयांत एका हंगामाने वाढत असेल, तर यात घासाघीस करणे मला शोभणारे वाटत नाही. फोनवरून पैसे देण्याची सोय आहे. दुकान सोमवारी बंद असते.

शेवटच्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरेशी होती. हरलो असतो तर दुसऱ्या संघाशी गुण समान होऊन गोलफरकावर निकाल लागला असता. शून्य-शून्य अशा बरोबरीत संपलेल्या त्या सामन्याचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही. साहित्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मला मात्र शेवटची दहा मिनिटे खेळाडूंचे चेहरे दिसलेच नाहीत. माझे डोळे त्यांच्या पायांकडे होते. उजव्या बाजूने तोच बचावपटू त्याच बुटांत परत परत मागे धावत येत होता आणि तळाच्या कडेचा पांढरा टाका गॅलरीजवळच्या बाजूला आला की स्पष्ट दिसत होता.

शिट्टी झाली तसे पोरांनी मैदानातच गुलाल उधळला, मग पेठेपर्यंत मिरवणूक झाली आणि रात्री उशिरा सगळे जोड गुलालाने माखून माझ्याकडे जमा झाले. दुसऱ्या दिवशी मी ते पेढ्यांसह मामांकडे नेले. पेढा त्यांनी कपाळाला लावून खाल्ला आणि लगेच एक बूट उचलून टाक्यांतून बोट फिरवले. "धुऊ नका हं आत्ता," ते म्हणाले, "गुलाल वला झाला की टाक्यात बसतोय. कोरड्या ब्रशनं झाडा, आत कागूद कोंबा आन् सावलीत ठेवा. उन्हात ठिवला तर सोल्यूशन सुटंल." त्याप्रमाणे बावीसही बूट सध्या माझ्या माडीवर, वर्तमानपत्र कोंबून, खिडकीपासून दूर ठेवले आहेत.