जोचोंग आठ महिने वापरल्यावर: लाडवाला हो, मधुमेहाला नाही

दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये राहणाऱ्यांना जोचोंग म्हणजे काय ते सांगायला नको. तांदळाची काकवीच ती. आठ महिन्यांत ती घरात कशी टिकली ते लिहिते.

आधी झाकण. बरणीच्या आट्यांत एक थेंब राहिला की दुसऱ्या दिवशी झाकण हलत नाही. गरम पाण्यात उलटं धरा, ओल्या फडक्याने पिळा, तेव्हा कुठे सुटतं. डिसेंबरात या झटापटीत काचेची बरणी हातातून निसटली आणि अर्धा किलो जोचोंग ओट्यावर. एवढ्या महाग वस्तूला पिळायची बाटली का देत नाहीत? मक्याचं मुलयॉत, म्हणजे कॉर्न सिरप, कितीतरी स्वस्त, आणि बाटलीही सोयीची.

रागाने मुलयॉतच आणलं. पण ते नुसतं गोड. जोचोंगचा खरपूस भाताचा वास त्याला नाही.

मग घरी करून पाहिलं. मऊ भातात यॉतगिरुम, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ. पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं आणि नुसती पेज झाली. मोडांतलं अमायलेज, म्हणजे पिष्टाची साखर करणारं एन्झाइम, तेवढ्या उष्णतेत मरतं, त्याला 60-65 अंश लागतात. दुसऱ्यांदा कुकर सात तास 'वॉर्म'वर ठेवला. शितं पोकळ होऊन वर तरंगली, गाळलं, तीन तास आटवलं. किलोभर तांदळाचं पाऊण किलोच्या आसपास झालं, विकतच्याहून खूप स्वस्तात.

संक्रांतीला तिळाचे लाडू यातच वळले. गूळ थोडासाच, कारण याची गोडी साखरेपेक्षा कमी. पाक खडखडीत होत नाही, लाडू आठवड्यानेही दाताखाली सहज फुटले. सासूबाईंनी तर कृतीच मागून घेतली.

'धान्याचं, म्हणून तब्येतीला चांगलं' असं मीच सगळ्यांना सांगत होते. ते मी मागे घेते. सासरे मधुमेही. दोन लाडवांनंतर त्यांची साखर नेहमीपेक्षा बरीच वर गेली, तेव्हा वाचायला बसले. जोचोंगमध्ये मुख्यतः माल्टोज नावाची साखर असते, आणि तिचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप) 105च्या आसपास, ग्लुकोजच्या 100 हूनही वर! गोडी कमी लागते म्हणून साखर कमी नसते. जवामुळे ग्लुटेनही येतं, तेव्हा सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्यांनी हात लावू नये.

लाडू, चिक्की आणि सुक्या बोंबलाच्या चटणीत चमचाभर, एवढ्यासाठी ते घरात राहील. आता मधाच्या रिकाम्या पिळायच्या बाटलीत भरते. थंडीत घट्ट झालं की बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात. बरणी पुन्हा आणणार नाही.